एकही नोंद आढळली नाही

कुठल्याही मराठी संकेतस्थळाच्या उजव्या कोपऱ्यात एक भिंग असतं. त्याचं तिथलं काम सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात टांगलेल्या वाळूच्या लाल बादल्यांसारखं आहे. वेळ आली तर उपयोगी पडेल असं काहीतरी भिंतीवर दिसलं पाहिजे, एवढंच. बादलीत वाळू आहे की पानाच्या पिचकाऱ्या, हे आग लागेपर्यंत कुणी बघत नाही. संकेतस्थळाचं उद्घाटन होतं, मान्यवर माउसवर बोट ठेवून फोटो काढून घेतात, नारळही फुटतो. पण आजवर एकाही मान्यवरानं त्या भिंगाकडे बोट करून ‘यात काहीतरी टाका बघू, सापडतंय का’ असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. म्हटलं असतं तर चहा गार झाला असता.

मी एका छोट्या संस्थेचं संकेतस्थळ सांभाळतो. सांभाळतो म्हणजे, त्यावरचं काही सापडलं नाही की लोक मला फोन करतात. थोडक्यात त्या संस्थेचं शोधयंत्र मीच आहे, फक्त मला रात्री झोपायची सवय आहे. त्यामुळे शोध या विषयाकडे मी जरा चोरट्या सहानुभूतीनं बघतो. आणि महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या शोधाला ज्या गावापासून सुरुवात झाली, त्या गावाचं नावच शोधपेटीला घाम फोडणारं निघालं, याची मला मनापासून गंमत वाटते.

अंतरवाली सराटी. जिल्हा जालना, तालुका अंबड, वडीगोद्रीजवळ. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि दुसऱ्या दिवशी अख्खा महाराष्ट्र मोबाइलमध्ये हे नाव टाकायला लागला. कुणी अंतरवाली लिहिलं, कुणी आंतरवाली, कुणी अंतरवली. वर्तमानपत्रांनी तर तिन्ही छापली. काहींनी एकाच पानावर. शिवाय शेजारच्या घनसावंगी तालुक्यात अंतरवाली टेंभी आहेच. म्हणजे मागचा ‘सराटी’ टाकायचा कंटाळा केला, तर माणूस उपोषणाला निघून भलत्याच गावच्या पारावर जाऊन बसायचा. जरांगेंच्या तिथल्या १४ ऑक्टोबरच्या सभेला राज्यभरातून लोंढे आले, ते सगळे बरोबर पोचले. कारण त्यांनी नकाशापेक्षा पुढच्या गाडीवर जास्त विश्वास ठेवला.

आता ‘अंतरवाली’ आणि ‘आंतरवाली’ हे एकच गाव आहे, हे तुम्हाआम्हाला कळतं. यंत्राला ते शिकवावं लागतं. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञानं १९६५ साली दोन शब्दांमधलं अंतर मोजायची रीत सांगितली: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात, तेवढं अंतर. अंतरवाली ते आंतरवाली, एक. अंतरवाली ते अंतरवली, पुन्हा एक. चांगली शोधयंत्रं एकदोन अक्षरांचं अंतर पोटात घालतात. मराठी माणूसही घालतो, पण दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आला की एकदम परीक्षक होतो. संकेतस्थळांची शोधपेटी बहुतेक वेळा या परीक्षकाच्या वळणावर गेलेली असते. एक काना चुकला, की शून्य गुण.

तर, ७ सप्टेंबर २०२३ रोजी शासनानं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. काम एका ओळीत सांगण्यासारखं होतं: मराठा कुटुंबांना कुणबी दाखला देता यावा म्हणून निजामकाळातल्या आणि नंतरच्या जुन्या कागदांत ‘कुणबी’ असा उल्लेख कुठे कुठे आहे, ते बघायचं. शोधपेटीत एक शब्द टाकायचा, बस. फक्त पेटी नव्हती. होती ती दप्तरं. कापडात बांधलेली, तहसिलीच्या वरच्या फळीवरची, उघडताच शिंक येणारी.

आणि कोणकोणती! महसुलाची खासरापत्रकं, पाहणीपत्रकं, १९५१ ची नागरिक नोंदवही, गावचा नमुना नंबर १४ म्हणजे कोतवालाचं जन्म-मृत्यूचं बुक, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, इथवर ठीक. पण ज्या कागदात जात लिहिली असेल तो कागद, असा निकष लावल्यावर यादी लांबत गेली. सहजिल्हा निबंधकांकडची खरेदीखतं, बटाईपत्रकं, दत्तकपत्रं. पोलिसांची गुन्हे रजिस्टरं आणि अटक पंचनामे. कारागृहातली कच्च्या कैद्यांची नोंदवही. उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्या. आजोबांचा पुरावा कोतवालाच्या बुकात सापडला तर घरात पेढे वाटायला हरकत नसते. तो अटक पंचनाम्यात सापडला, तर पेढे वाटावेत की नाही, यावर भावकीची बैठक बसत असावी. वर्षानुवर्षं घरात जो विषय कुणी काढत नव्हतं, तो आता तहसीलदारांच्या सहीशिक्क्यानिशी हवा झाला. एरवी पणजोबा सज्जन असण्याचा फायदा कुटुंबाला होतो, पण सज्जनांची नोंद ठेवायची पद्धत आपल्या कुठल्याच खात्यात नाही.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुख्यमंत्र्यांनी पहिला हिशेब सांगितला: मराठवाड्यात सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले, ११,५३० नोंदी सापडल्या. साधारण दीड हजार पानं उलटली की एक. पुढे शोध सगळ्या राज्यात पसरला आणि नोंदींचा आकडा अर्धा कोटीच्याही पुढे गेला. हे सगळं माणसांनी डोळ्यांनी केलं, बोटाला थुंकी लावून. मोठ्या कंपन्यांची शोधयंत्रं निकालाच्या वर ‘इतक्या सेकंदांत’ असं मिरवतात. तहसिलीतल्या कारकुनांनी दिवाळी गमावली, ते कुणी कुठे लिहिलं नाही.

त्यांच्या कामाची खरी मजा लिपीत होती. जुन्या मराठी नोंदी मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारून घेतो, मग तिच्याखाली अक्षरं टांगत जातो. शब्द कुठे संपला, हे सांगायची त्याला गरज वाटत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचीही नाही. आता शोधयंत्राचं पहिलं काम असतं मजकुराचे शब्द वेगळे करणं. ते हे काम मोकळी जागा बघून करतं. मोडीचं पान दिलं, तर त्याच्या दृष्टीनं सगळं गाव मिळून एकच शब्द. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली हे खरं, पण बसायला खुर्ची मिळाली म्हणजे दप्तर आपोआप उतरवलं जात नाही. अलीकडे आयआयटी रुरकीच्या मंडळींनी मोडीचं चित्र देवनागरीत उतरवणारं यंत्र केलं आहे. तलाठ्याच्या हस्ताक्षरापुढे ते किती टिकतं, हे बघायला मला आवडेल.

मोडी झाली की फारसी आणि उर्दू. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. वरचा कारभार आधी फारसीत, नंतर उर्दूत. उर्दूला ‘ण’ नाही आणि ऱ्हस्व स्वर लिहायची तिची रीत नाही. म्हणजे कागदावर उरतं क, न, ब आणि शेवटी ई. त्या ईच्या जागी ह आला, तर तो ‘कुनबा’, म्हणजे कुटुंब. शंभर वर्षांपूर्वीच्या मुन्शीची लेखणी शेवटच्या वळणाला जराशी घसरली, तर अख्खी जात खानदानात विरघळली. आणि आपण एका कान्यासाठी शोधपेटीला शिव्या देतो.

ही सगळी उठाठेव करून नोंदी सापडल्या, त्या स्कॅन झाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या, लोकांना घरबसल्या बघता याव्यात म्हणून. हेतू उत्तम. पण स्कॅन म्हणजे फोटो. फोटोत अक्षरं दिसतात, असत नाहीत. कोपऱ्यातल्या भिंगात तुम्ही आडनाव टाका, गाव टाका, पणजोबांचं पाळण्यातलं नाव टाका; भिंग फार तर त्या पानाचं शीर्षक वाचेल. आतल्या फोटोत पणजोबा स्वच्छ शाईत बसलेले असतात आणि बाहेर लिहून येतं, ‘एकही नोंद आढळली नाही’. दीड हजार पानं उलटून माणसानं जे शोधून काढलं, ते पुन्हा नीट हरवून ठेवण्याची ही रीत मला फार आवडते. निदान आता ते सुरक्षित ठिकाणी हरवलेलं असतं.

यात संकेतस्थळाचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीत शोध नीट चालू करायचा, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची बनवायची: हा शब्द, या या पानांवर. या प्रणालींपैकी वर्डप्रेस साधा आहे, तो सूचीच करत नाही. विचारलेली अक्षरं शीर्षकात नि मजकुरात कुठेही दिसली की पान पुढे करतो. ‘कर’ भरायचा म्हणून शोधलंत, तर तो शंकरराव, नोकरभरती आणि करवंदं घेऊन येतो. ड्रुपल शिस्तीचा. तो सूची करतो, पण ठरलेल्या वेळी क्रॉन नावाचा कामकरी जागा झाला की, आणि वेगळं सांगितलं नाही तर एका फेरीत शंभरच पानं. क्रॉन लावायचं विसरलात, तर सूची जन्मभर कोरी राहते आणि कुणालाही काही कळत नाही, कारण संकेतस्थळ दिसायला ठणठणीत असतं.

त्याच ड्रुपलचा आणखी एक नियम आहे: तीन अक्षरांपेक्षा छोटा शब्द सूचीत घ्यायचा नाही. इंग्रजीतली किरकोळ अव्ययं गाळायला तो बरा. मराठीत यंत्र काना-मात्रा वेगळी अक्षरं म्हणून मोजतं. त्यामुळे ‘जात’ भरते तीन अक्षरी आणि आत जाते. ‘घर’ भरतं दोन अक्षरी आणि बाहेर राहतं. ‘मत’ चालत नाही, ‘पैसा’ चालतो. ‘हक्क’ मजेत चालतो, जोडाक्षरामुळे त्याची चार होतात. हा नियम करणाऱ्यानं आपलं गाव बघितलं नसणार, पण बघूनच केल्यासारखा वाटतो खरा.

ऊसही दोन अक्षरी. जालना-अंबड भागात ऊस न सापडणारं संकेतस्थळ म्हणजे काय बोलायचं! बरं, तीनाचा नियम काढून दोनाचा केला, तरी ऊस सापडत नाही, कारण मराठी वाक्यात ऊस फारसा ऊस राहतच नाही. उसाला पाणी, उसाचं बिल, उसाची तोड. पहिलंच अक्षर बदललं. ‘कुणबी’चं कुणब्यांना, ‘पाणी’चं पाण्याला, ‘विहीर’चं विहिरीला. आपले शब्द विभक्तीला भेटले की वेश बदलतात, आणि यंत्राला वाटतं माणूसच दुसरा. ‘शेतकऱ्यांचा’ लिहायच्या तर दोन तऱ्हा: त्यातला ‘ऱ्य’ एका पद्धतीत नुक्त्याचा, दुसऱ्या पद्धतीत पोटात न दिसणारं एक चिन्ह घातलेला. डोळ्यांना शेतकरी एकच, संगणकाला दोन, आणि एकाच्या नावावर आलेलं दुसऱ्याला मिळत नाही. जुन्या पीडीएफमध्ये तर शिवाजी नाहीतर कृतिदेव फॉन्ट असतो. वरून शुद्ध मराठी, आत इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं नि विरामचिन्हं. त्यातून एक ओळ उचलून शोधपेटीत चिकटवली, तर कुणीतरी रागाच्या भरात कीबोर्डवर बसल्याचा भास होतो.

यावर उपाय म्हणजे समानार्थी शब्दांची यादी. हा शब्द आला तर तोही समज, असं यंत्राला एकदा सांगून ठेवायचं. वाटतं सोपं, पण ही यादी मराठीत कधी पुरी होत नाही, कारण आपल्याकडे काम तेच ठेवून नाव बदलण्याला सुधारणा म्हणतात. २ सप्टेंबर २०२५ रोजी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय निघाला. कुणबी दाखल्यांसाठी गावपातळीवर चौकशी करायला तिघांची समिती: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. गावात विचारा, हे तिघं कोण? कुणालाच सांगता येणार नाही. आणि तलाठी, ग्रामसेवक नि कृषी सहायक विचारा, तर तिघांचे मोबाइल नंबरच नव्हे, तर ते आत्ता कुठल्या टपरीवर असतील तेही सांगतील. कागदावरचं नाव नवं, तोंडातलं जुनं. शोधपेटीत तोंडातलं टाकायचं असतं, सूचीत कागदावरचं असतं. त्यात जिल्ह्यांची भर: औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर. एका संकेतस्थळावर मी ही जुनी-नवी नावं एकमेकांना जोडायचं सुचवलं, तर बैठकीत दहा मिनिटं शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणालं, ‘यादीत वर कोणतं ठेवणार?’ विषय पुढच्या बैठकीवर गेला. तो अजून तिथेच आहे.

‘संबंधित निकाल’ नावाची एक सोय असते. म्हणजे हे सापडलं, त्याच्या जवळपासचं हेही बघा. यंत्रवाल्यांना वाटतं, ही कल्पना त्यांची. पण ज्याची कुणबी नोंद सापडली त्याचे ‘सगेसोयरे’ कोणाला म्हणायचं, याचा मसुदाच शासनानं जानेवारी २०२४ मध्ये काढला, त्यावर हरकतींचे ढीग आले. जवळपासचं म्हणजे किती जवळचं, हा प्रश्न कुठल्याही शोधयंत्राला सुटलेला नाही. फक्त त्यांच्याकडे त्यावरून उपोषणं होत नाहीत.

शासन निर्णय शोधायची सोय मात्र भारी आहे, ती सांगायलाच हवी. प्रत्येक निर्णयाला १८ आकडी संगणक संकेतांक असतो. तो टाकला की नेमका कागद समोर. अंदाजपंचे काम नाही. हा संकेतांक कुठे मिळतो? निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात. म्हणजे निर्णय हातात असला की तो निर्णय हमखास सापडतो. खात्यावरून आणि तारखेवरूनही शोधता येतं, पण तारीख लक्षात असलेला माणूस भेटला तर त्याला संकेतांकही पाठ असतो, आणि तो निवृत्त कक्ष अधिकारी असतो.

शोधपेटीची देखभाल म्हणजे शोधाच्या नोंदी वाचणं. लोकांनी काय टाकलं आणि काय मिळालं नाही, याची यादी यंत्र मुकाट्यानं ठेवत असतं. आमच्या संस्थेची ती यादी मी अधूनमधून चाळतो. करमणूक म्हणून उत्तम. ‘फॉर्म’. नुसता फॉर्म, कुठला ते नाही. ‘पैसे कधी येणार’. ‘साहेबांचा नंबर’. एकानं ‘नमस्कार’ टाकलं आहे, उत्तराची वाट बघून पुन्हा ‘नमस्कार सर’ टाकलं आहे. एकानं शोधपेटीत आपलं पूर्ण नाव, पत्ता, आधार क्रमांक आणि ‘तरी कृपया विचार व्हावा, ही विनंती’ असा अख्खा अर्ज लिहिला आहे. शोधपेटी असं काही मंजूर करत नाही, हे त्याला कुणी सांगावं? त्यानं तो अर्ज वेगवेगळ्या शुद्धलेखनात परत परत दिला आहे. शेवटच्या वेळी भाषा जरा कडक.

सूचना अशी असते की या यादीवरून संकेतस्थळ सुधारावं. मी ‘फॉर्म’ शब्दाला सगळे फॉर्म जोडून दिले. आता ‘फॉर्म’ टाकल्यावर एवढे फॉर्म येतात की लोक पुन्हा मलाच फोन करतात, यातला कोणता ते विचारायला.

गावाकडे ही अडचण येत नाही. महा ई-सेवा केंद्रात एखाद्या सकाळी बसून बघावं. खुर्चीवर पंचविशीतला ऑपरेटर, समोर काठी टेकून अण्णा, मागे नातू. ऑपरेटर आडनाव टाकतो. एकही नोंद आढळली नाही. गाव टाकतो. एकही नोंद आढळली नाही. गावाचं स्पेलिंग बदलतो. चार भलतीच गावं येतात.

‘अण्णा, नाही दाखवत हो.’

‘त्याला काय इचारायलाव? आमच्या दाजीला लावा फोन.’

दाजी तिकडे रानात. मोटार बंद करून येतो आणि पहिल्या झटक्यात सांगतो: कोतवाल बुक, अमुक साल, तिसरी फाईल, शेवटून सातवं-आठवं पान, खाली डाव्या बाजूला. त्याच्या चुलत्याची त्याच पानावर सापडली होती, म्हणून माहीत. स्पेलिंग विचारत नाही, सूची लावत नाही, क्रॉनची वाट बघत नाही. उलट ‘जेवण झालं का’ हेही विचारून घेतो.

ऑपरेटर फाईल उघडतो. ती उतरेपर्यंत चहा येतो. पान सापडतं, पण स्कॅन करणाऱ्यानं ते आडवं ठेवलेलं. फिरवायचं बटण कुठं असतं, ते ऑपरेटरला सापडत नाही. मग ऑपरेटर, अण्णा आणि नातू तिघंही माना उजव्या खांद्यावर टाकून वाचायला लागतात, आणि फोनवर दाजी विचारत राहतो, ‘दिसलं का? अरं, डाव्या बाजूला बगा की!’

‘कुणाच्या डाव्या?’ नातू विचारतो.